पुढच्यास ठेच

परीक्षा संपत आल्या की पुण्या-मुंबईच्या महाविद्यालयांतील सूचनाफलकांवर परदेशी अभ्याससहलींची गुळगुळीत पत्रके झळकू लागतात. त्यांत जर्मनीचा मान मोठा. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना मोटारींच्या कारखान्यांचे आकर्षण, मॅक्स म्युल्लर भवनात जर्मनच्या परीक्षा देणाऱ्यांना भाषेचे, आणि पालकांना मुलगा पुढेमागे तिकडेच शिकायला जाईल या आशेचे. आठ रात्री, नऊ दिवस. फ्रँकफुर्टला उतरायचे, हायडेलबर्गचा किल्ला पाहायचा, ब्लॅक फॉरेस्टमध्ये कुक्कू घड्याळासमोर उभे राहून छायाचित्रे काढायची, श्टुटगार्ट व म्युनिक येथील मोटारींची संग्रहालये धावती पाहायची, आल्प्सच्या पायथ्याचा नॉयश्वानस्टाइनचा राजवाडा डोळ्यांखाली घालायचा आणि चॉकलेटांचे डबे घेऊन परतायचे. सहल झाली यात शंका नाही. अभ्यास कोणता झाला, हे मात्र सहलीच्या पत्रकातही नसते आणि परतल्यावर लिहिलेल्या अहवालातही नसते.

या सहलींबरोबर एक-दोन प्राध्यापक जातात. विमानतळावर डोकी मोजणे, पारपत्रे सांभाळणे, शाकाहारी मुलांसाठी डाळभात कोठे मिळेल याचा शोध घेणे आणि रात्री खोल्यांतील दिवे मालवले की नाही ते पाहणे, अशी त्यांची कामे. ही कामे क्षुल्लक नाहीत. चाळीस तरुण मुले परक्या मुलखात सुखरूप फिरवून आणणे हे येरागबाळ्याचे काम नव्हे. परंतु एवढ्यावरच नेतृत्व संपते, आणि शहर दाखवण्याचे काम भाड्याच्या मार्गदर्शकाकडे जाते. जपानी पर्यटकांना तो जे सांगतो तेच भारतीय विद्यार्थ्यांना सांगतो. त्याचा दोष नाही. भारतातून आलेल्या मुलाने या देशात काय पाहायला हवे, हे त्याला कसे ठाऊक असणार? ते त्या मुलाच्या गुरुजींना ठाऊक असायला हवे.

खुद्द जर्मनांच्या घरी या विषयाकडे वेगळ्या दृष्टीने पाहतात. शिकण्यासाठी प्रवास करण्याची त्यांची परंपरा जुनी आहे. महाकवी गटे १७८६ साली इटलीला गेला तो जवळजवळ दोन वर्षे तेथे राहिला आणि निराळा माणूस होऊन परतला, असे जर्मन साहित्याचे अभ्यासक मानतात. आजही जर्मन शाळांत वर्गाची सहल हा शिक्षणाचा भाग समजला जातो. बव्हेरियासारख्या राज्यात तर माध्यमिक शाळेच्या अभ्यासक्रमातच नाझी छळछावणीच्या स्मारकाला भेट देणे अंतर्भूत आहे. पंधरा-सोळा वर्षांची मुले शिक्षकांसमवेत म्युनिकजवळच्या डाखाऊला जातात आणि आपल्या पणजोबांच्या पिढीने काय केले ते पाहतात. ज्या राष्ट्राची यंत्रे पाहण्यासाठी आपण लाखो रुपये खर्च करतो, ते राष्ट्र आपल्या मुलांना यंत्रांइतक्याच काळजीने हे दाखवते, याची आपल्या सहलींना गंधवार्ताही नसते.

प्रवासाचा आरंभ पुण्यात

अशा सहलीचा पहिला मुक्काम वास्तविक पुण्यातच हवा. नारायण पेठेतील केसरीवाड्यात एक ध्वज जतन केलेला आहे. २२ ऑगस्ट १९०७ रोजी श्टुटगार्ट येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय समाजवादी परिषदेत मादाम कामा यांनी हिंदुस्थानच्या स्वातंत्र्याचा जो ध्वज फडकवला, तोच हा, असे परंपरेने सांगितले जाते. इंदुलाल याज्ञिक यांनी तो पुढे इंग्रजांची नजर चुकवून भारतात आणला. ज्या मुलाने हा ध्वज आधी पाहिला आहे, त्याच्या लेखी श्टुटगार्ट हे केवळ तीन टोकांच्या ताऱ्याच्या मोटारींचे गाव उरत नाही. मुंबई आणि श्टुटगार्ट ही १९६८ पासून भगिनीनगरे आहेत, नाशिकच्या ज्या कारखान्याला जुनी माणसे अजून 'मायको' म्हणतात त्याचे मूळही याच परिसरात आहे, हे सारे मग त्या ध्वजाभोवती आपोआप गुंफले जाते.

दुसरा मुक्काम येरवड्याचे डेक्कन कॉलेज. फ्रान्झ कीलहॉर्न हा जर्मन पंडित १८६६ पासून पंधरा वर्षे येथे संस्कृत शिकवीत होता आणि पुण्याच्या शास्त्रीमंडळींच्या पायाशी बसून व्याकरण शिकतही होता. पतंजलीच्या महाभाष्याची त्याने सिद्ध केलेली आवृत्ती अभ्यासक आजही प्रमाण मानतात. पुढे तो ग्योटिंगेन विद्यापीठात संस्कृतचा प्राध्यापक झाला. त्याच विद्यापीठाने १८८५ साली डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांना सन्माननीय पदवी दिली. भांडारकरांच्या नावाने उभ्या राहिलेल्या प्राच्यविद्या संशोधन मंदिरात महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचा जो प्रचंड प्रकल्प १९६६ साली तडीस गेला, त्याला शिस्त लावणारे डॉ. वि. स. सुखटणकर हे पाठचिकित्सेचे शास्त्र बर्लिनला हाइनरिश ल्यूडर्स यांच्याकडे शिकून आले होते. ज्ञानाचा हा व्यवहार दोन्ही बाजूंनी झाला, ही बाब महत्त्वाची. बॉनचे हेर्मान याकोबी आणि पुण्याचे लोकमान्य टिळक यांनी एकमेकांना ठाऊक नसताना, ज्योतिषाच्या आधारे वेदकाळ मागे नेणारे जवळपास सारखे निष्कर्ष १८९३ च्या सुमारास काढले. लोकमान्य राजद्रोहाच्या खटल्यात तुरुंगात पडले तेव्हा त्यांच्या सुटकेसाठी झालेल्या अर्जावर मॅक्स म्युल्लर यांनी सही केली. आणि १९२१ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बॉन विद्यापीठात आपले नाव नोंदवले होते.

हे सर्व सांगताना एक पथ्य पाळायला हवे. जर्मन पंडितांनी आपल्या वेदांना मान दिला, यातच कृतकृत्य होण्याची आपल्याकडे जुनी खोड आहे. शोपेनहॉवरने उपनिषदांची स्तुती केली, गटेने शाकुंतलाची केली, झाले! जणू त्यांच्या शिफारसपत्रावाचून शाकुंतल उणे राहिले असते. विद्यार्थ्यांना हा नवस फेडायला जर्मनीत न्यायचे नाही.

सहलीपूर्वी आणखी एक पाठ घ्यावा लागेल, तो स्वस्तिकाचा. आपल्या घरच्या मुलीच्या गळ्यातील पदकावर स्वस्तिक असते, मुलाच्या पिशवीत आईने घातलेल्या पूजेच्या पुडीवर ते कुंकवाने काढलेले असते. जर्मन दंडसंहितेच्या ८६ अ या कलमान्वये नाझी राजवटीची चिन्हे जाहीरपणे मिरवणे हा गुन्हा आहे आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा आहे. शिक्षण, कला व संशोधन यांना त्यातून सूट आहे. आपल्या तबकातील स्वस्तिक हे या कायद्याचे लक्ष्य नाही. तथापि भुयारी रेल्वेत समोर बसलेल्या वृद्धेला हा भेद ठाऊक असेलच असे नाही, आणि तिच्या छातीत धस्स झाले तर तिला दोष देता येत नाही. नाझींनी आपल्या चिन्हाला स्वस्तिक म्हटलेच नव्हते. त्यांचा शब्द 'हाकेनक्रॉयझ', म्हणजे आकड्यांचा क्रूस. इंग्रजी लेखक-अनुवादकांनी त्याला आपला मंगल शब्द चिकटवला. ट्रॉयचे उत्खनन करणाऱ्या श्लीमानच्या १८८० सालच्या ग्रंथात मॅक्स म्युल्लर यांचे एक पत्र छापलेले आहे. स्वस्तिक हा भारतातला शब्द असून त्याला तेथला इतिहास आहे, भारताबाहेरच्या आकृत्यांना तो लावणे आपल्याला पसंत नाही, असे त्यात त्यांनी बजावले होते. त्यांचे कोणी ऐकले नाही. २००७ साली युरोपीय संघात सर्वत्र या चिन्हावर बंदी आणण्याचा प्रस्ताव जर्मनीने पुढे केला होता. ब्रिटनमधील हिंदू संघटनांनी आपली बाजू मांडली आणि तो विचार मागे पडला. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने तर २०२२ साली कायद्यातच हिंदू-बौद्ध-जैनांचे स्वस्तिक आणि नाझींचा हाकेनक्रॉयझ यांत स्पष्ट फरक केला. हा फरक दोन मिनिटांत, शांतपणे, जमल्यास जर्मन भाषेत सांगता येणे, ही विमानात बसण्यापूर्वीची परीक्षा असावी. पण तो सांगायचा तर त्या दुसऱ्या चिन्हाखाली काय घडले, हे आधी नीट समजले पाहिजे. त्यासाठी वायमारला जायला हवे.

कवींचे गाव आणि त्यामागची टेकडी

वायमार हे जर्मन संस्कृतीचे माहेर. लोकसंख्येने आपल्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढे हे शहर. गटे येथे १७७५ साली आला आणि १८३२ साली येथेच वारला. शिलर येथलाच. नाट्यगृहासमोर दोघांचा जोडपुतळा आहे. शाकुंतलाचा जर्मन अनुवाद १७९१ साली वाचून गटे हरखून गेला आणि आपल्या 'फाउस्ट'च्या आरंभी सूत्रधाराचा प्रवेश घालण्याची कल्पना त्याला त्यावरून सुचली, असे मानतात. विद्यार्थ्यांनी सकाळी त्याचे घर पाहावे, त्याची लेखनाची खोली पाहावी, उद्यानात हिंडावे. आणि दुपारी बसने आठ किलोमीटरवर एटर्सबर्ग टेकडीवर जावे. तेथे बुखेनवाल्ड आहे.

बुखेनवाल्ड म्हणजे बीच वृक्षांचे वन. जुलै १९३७ मध्ये जंगल तोडून ही छावणी वसवण्यात आली. आठ वर्षांत सुमारे पावणेतीन लाख माणसे येथे आणि हिच्या उपछावण्यांत डांबली गेली, त्यांतील सुमारे ५६ हजार मेली. ज्यू, राजकीय विरोधक, धर्मोपदेशक, रोमा, सोव्हिएत युद्धकैदी. या युद्धकैद्यांपैकी आठ हजारांहून अधिक जणांना मानेत गोळी घालून मारण्यात आले. लोखंडी फाटकावर अक्षरे आहेत, ती आतून वाचता येतील अशी बसवलेली. अर्थ असा, की ज्याचे त्याला. न्यायाचे जुने रोमन तत्त्व कैद्यांना रोज हजेरीच्या मैदानावरून वाचायला लावले जाई. फाटकावरचे घड्याळ सव्वातीनवर थांबलेले आहे. ११ एप्रिल १९४५ रोजी छावणी मुक्त झाली ती ही वेळ. तोडलेल्या जंगलात एक ओक वृक्ष तेवढा राखला होता. गटे त्याच्या सावलीत बसत असे, अशी आख्यायिका कैद्यांत होती. १९४४ च्या बॉम्बहल्ल्यात तो जळाला. त्याचा बुंधा तेथे आहे.

मैदानात जमिनीत बसवलेली एक धातूची पट्टी आहे. १९९५ साली ती बसवली. छावणीत आणलेल्या पन्नासहून अधिक राष्ट्रांची व समूहांची नावे तिच्यावर कोरलेली आहेत. ही पट्टी वर्षभर, अहोरात्र, ३७ अंशांवर तापवून ठेवलेली असते. मनुष्यदेहाची ऊब तेवढीच असते. भोवती बर्फ साचते तेव्हा पट्टीवरचे बर्फ वितळून जाते. मुले वाकून तिच्यावर तळहात ठेवतात. या ठिकाणी प्राध्यापकाने व्याख्यान देऊ नये. चाळीस मुलांनी एकामागून एक हात ठेवावा, इतका वेळ तेवढा राखावा, आणि बसचालक घाई करू लागला तर त्याला थांबवावे.

१६ एप्रिल १९४५ रोजी अमेरिकन सेनाधिकाऱ्यांच्या आज्ञेवरून वायमारच्या सुमारे एक हजार नागरिकांना ही टेकडी चढायला लावण्यात आली. प्रतिष्ठित मंडळी होती. चांगले कपडे घालून आली होती. प्रेतांचे ढीग, दहनभट्टी, हाडांचे सापळे झालेली जिवंत माणसे त्यांना दाखवण्यात आली. आम्हाला ठाऊक नव्हते, असे त्यांतील अनेकांनी सांगितले. आठ किलोमीटर! पुण्याच्या शनिवारवाड्यापासून खडकी याहून फार जवळ नाही. गटेच्या घराची पायरी रोज झाडणाऱ्या, संगीत जाणणाऱ्या, सुसंस्कृत गावाची ही गोष्ट आहे. इतिहासातील सर्वांत कठोर अभ्याससहल कोणती असे विचारले, तर ही.

आणि तेथील इतिहास १९४५ ला संपत नाही, हेही सांगितले पाहिजे. त्याच जागी सोव्हिएत सत्तेने १९५० पर्यंत आपली छावणी चालवली. २८ हजारांच्या आसपास माणसे तीत होती, सात हजारांहून अधिक उपासमारीने व रोगांनी मेली. पूर्व जर्मनीच्या साम्यवादी राजवटीत त्याविषयी चकार शब्द काढता येत नसे. आता दोन्हींची प्रदर्शने तेथे आहेत. एकीच्या आड दुसरी लपवलेली नाही, आणि दोन्हींना एका मापाने मोजलेलेही नाही.

आपल्याकडे हा विषय काढायला एक खास कारण आहे. रेल्वे फलाटावरच्या, पदपथावरच्या पुस्तकांच्या पथाऱ्यांवर हिटलरचे आत्मवृत्त व्यवस्थापनशास्त्राच्या पुस्तकांशेजारी मांडलेले असते आणि ते खपते. महाविद्यालयांतील वक्तृत्व स्पर्धांत 'शिस्त', 'राष्ट्रप्रेम' या विषयांवर बोलताना एखादा तरुण त्याचे नाव सहज घेऊन जातो आणि टाळ्याही पडतात. २००६ साली नवी मुंबईत एका उपाहारगृहाला त्याचे नाव देण्यात आले होते. मुंबईच्या ज्यू बांधवांनी दुःख व्यक्त केल्यावर ते बदलले. यात दुष्टपणा नसतो, अज्ञान असते. पण ते अज्ञान राष्ट्रभक्तीच्या वेषात वावरते, म्हणून अधिक घातक. ज्याने ते पुस्तक विकत घेतले त्याने ते बहुधा वाचलेले नसते. वाचले असते तर हिंदुस्थानच्या स्वातंत्र्यासाठी युरोपात धडपडणाऱ्यांची त्यात केलेली टिंगल आणि हिंदुस्थान इंग्रजांच्याच ताब्यात असलेला बरा, हे लेखकाचे मत त्याच्या नजरेतून सुटले नसते. नेताजी सुभाषचंद्रांनी ते वाचले होते. नाझींच्या वंशवादी प्रचारातील भारतीयांच्या अवहेलनेचा त्यांनी १९३६ सालीच लेखी निषेध केला होता. मे १९४२ मध्ये हिटलरची भेट झाली तेव्हाही त्यांनी त्या मजकुराचा विषय काढल्याची नोंद आहे. शत्रूचा शत्रू म्हणून मदत मागायला गेलेला हा पुरुष तेथेही मान ताठ ठेवून बसला.

उठसूट प्रत्येक हिंदुत्वनिष्ठाला नाझी ठरवणारे लेखणीबहाद्दर आपल्याकडे थोडे नाहीत. त्यांनीही बुखेनवाल्डच्या दहनभट्टीसमोर अर्धा तास उभे राहावे. शब्द वापरताना जीभ जड होईल. मात्र त्यांच्या आरोपाला उत्तर द्यायचे तर आपल्या घरातील तरुणाने पदपथावरच्या त्या पुस्तकाकडे कौतुकाने पाहून चालणार नाही. ते उत्तर देण्याची जबाबदारी आपली आहे, त्यांची नाही.

ढिगाऱ्यातील दगड

वायमारहून ड्रेस्डेन आगगाडीने दोन-अडीच तासांवर. गाडी वेळेवर आली तर. जर्मन वक्तशीरपणाची स्तोत्रे ऐकून वाढलेल्या मुलांना अलीकडच्या वर्षांत फलाटावर जे ताटकळावे लागते, तेही शिक्षणच समजावे; त्या उशिराविषयी सर्वांत मोठ्याने जर्मन प्रवासीच कुरकुरत असतात.

ड्रेस्डेनवर १३ ते १५ फेब्रुवारी १९४५ या काळात ब्रिटिश व अमेरिकन विमानांनी बॉम्बवर्षाव केला. सुमारे २५ हजार माणसे मेली. शहराच्या मध्यभागी गेओर्ग बेअर या स्थापत्यविशारदाने उभारलेले, १७४३ साली पूर्ण झालेले फ्राउएनकिर्शे हे चर्च होते. घंटेच्या आकाराचा त्याचा दगडी घुमट ही शहराची खूण. दोन दिवस आगीत तापून १५ तारखेच्या सकाळी तो कोसळला. पुढे पंचेचाळीसहून अधिक वर्षे तेथे नुसता ढिगारा होता. साम्यवादी राजवटीने तो युद्धविरोधी स्मारक म्हणून तसाच ठेवला. भिंत पडल्यानंतर तीन महिन्यांनी, फेब्रुवारी १९९० मध्ये, शहरातील काही नागरिकांनी पुनर्निर्माणाचे आवाहन केले. विरोध झाला. भग्नावशेष हेच खरे स्मारक, पैसा घरांवर खर्चावा, असे म्हणणारे होते. तरी १९९४ साली काम सुरू झाले. ढिगाऱ्यातील एकेक दगड मोजून, त्याचे मूळ स्थान ताडून, शक्य तेवढे दगड जेथल्या तेथे बसवण्यात आले. खर्च सुमारे १८ कोटी युरो आला, त्यातील मोठा वाटा जगभरच्या देणगीदारांनी उचलला. ३० ऑक्टोबर २००५ रोजी चर्च पुन्हा उघडले. नव्या वालुकाश्माच्या फिकट भिंतीत जुने, काळे पडलेले दगड स्पष्ट दिसतात. ते घासून उजळ केलेले नाहीत.

भारतीय विद्यार्थ्याला येथे सोमनाथ आठवल्याशिवाय राहणार नाही, आणि ते आठवणे योग्यच आहे. ११ मे १९५१ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते तेथे प्रतिष्ठापना झाली, तेव्हा पंतप्रधान नेहरूंनी त्यांच्या जाण्याला हरकत घेतली होती. भग्न श्रद्धास्थान पुन्हा उभारणे म्हणजे मागे जाणे, हा आक्षेप जर्मनीतही झाला, भारतातही झाला; उत्तर दोन्हीकडे बांधणाऱ्यांनी बांधून दिले. परंतु ड्रेस्डेनची गोष्ट येथे थांबत नाही. घुमटावरचा सोनेरी क्रूस ब्रिटनमधून भेट आला. तो घडवणाऱ्या सोनाराचे वडील १९४५ च्या त्या हल्ल्यातील एका विमानाचे वैमानिक होते. आणि दरवर्षी १३ फेब्रुवारीला नवनाझी टोळ्या शहराच्या या दुःखाचा आपल्या प्रचारासाठी वापर करू पाहतात, म्हणून २०१० पासून ड्रेस्डेनचे नागरिक हातात हात गुंफून जुन्या शहराभोवती मानवी साखळी धरतात. आपली जखम खरी आहे, पण ती कोणाच्या हाती द्यायची नाही हेही ते ठरवतात. या विषयावर मुलांना रात्री जेवणानंतर वाद घालू द्यावा. प्राध्यापकाने शेवटी बोलावे, किंवा बोलूच नये.

बर्लिनला शेवटचे तीन दिवस राखावेत. ब्रांडेनबुर्ग द्वार सगळेच पाहतात. त्याच्या शेजारी, राजधानीच्या ऐन मध्यभागी, २००५ साली उभारलेले २७११ काँक्रीटच्या ठोकळ्यांचे ज्यू हत्याकांडाचे स्मारक आहे, तेही पाहिले जाते. पुष्कळदा त्यावर चढून छायाचित्रे काढण्यापुरते. आपल्या मुलांनी तसे करू नये, हे आदल्या दिवशी सांगून ठेवावे. तेथून संसदभवनाकडे चालत गेले की झाडीत एक वर्तुळाकार पाण्याचे तळे लागते. मध्यभागी दगडावर रोज एक ताजे फूल ठेवले जाते. हे रोमा व सिंती लोकांचे स्मारक, २०१२ साली उघडलेले. युरोपात 'जिप्सी' म्हणून हिणवले गेलेले हे भटके लोक मूळचे भारतातले. त्यांच्या रोमानी भाषेत पाण्याला 'पानी' म्हणतात, नाकाला 'नक', कानाला 'कन', पाचाला 'पांज'. नाझींनी त्यांतील दोन ते पाच लाख माणसे मारली असावीत, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. 'आर्य' हा आपला शब्द पळवून ज्यांनी वंशश्रेष्ठत्वाचा बाजार मांडला, त्यांनी आर्यभाषा बोलणाऱ्या आपल्याच दूरच्या बांधवांना वायूच्या कोठड्यांत घातले. पदपथावरचे ते पुस्तक विकत घेणाऱ्या तरुणाला या तळ्याच्या काठी नेऊन उभे करावे.

शहराच्या नैर्ऋत्येला डालेम या उपनगरात इन्हेश्ट्रासे मार्गावर २२ क्रमांकाची एक साधी इमारत आहे. आज तेथे विद्यापीठाचे वर्ग भरतात. पूर्वी ती कैसर विल्हेल्म मानववंशशास्त्र संस्था होती. १९२८ च्या सुमारास पुण्याच्या एक तरुण विदुषी येथे संशोधनासाठी आल्या. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर हे वंशश्रेष्ठत्वाच्या सिद्धान्ताचे मोठे पुरस्कर्ते. कवटीच्या दोन बाजूंतील असमानता आणि वंश यांचा संबंध तपासण्याचे काम त्यांनी या विद्यार्थिनीला दिले. तिने कवट्या मोजल्या, आकडे मांडले आणि निष्कर्ष लिहिला, की असा संबंध आढळत नाही. परक्या देशात, आपली पदवी ज्यांच्या हाती त्या गुरूच्या मताविरुद्ध. या विदुषी म्हणजे इरावतीबाई कर्वे. 'युगान्त' घरोघरी आहे. ही हकीकत मात्र पुष्कळांना ठाऊक नाही. फिशर १९३३ साली बर्लिन विद्यापीठाचे कुलगुरू झाले. पुढच्या काळात आउश्वित्झच्या छावणीतून मानवी अवयव 'अभ्यासासाठी' याच इमारतीत पाठवले गेले. दारावरच्या फलकावर त्याची नोंद आहे. विद्यार्थ्यांनी एखादी सकाळ येथे घालवावी. मोटारींच्या संग्रहालयापेक्षा येथे पाहण्यासारखे काही नाही, आणि वास्तविक विज्ञान शिकणाऱ्या मुलाने पाहायलाच हवी अशी बर्लिनमधली हीच जागा आहे.

एवढे चालताना पायांखाली लक्ष असू द्यावे. जर्मनीच्या पदपथांवर घरांच्या दारांसमोर दहा सेंटिमीटर चौरसाचे लहान पितळी दगड बसवलेले असतात. गुंटर डेमनिश या कलावंताने १९९० च्या दशकात हे काम आरंभले. येथे अमुक राहत होता, अमुक साली जन्मला, अमुक साली नेला गेला, अमुक ठिकाणी मारला गेला, एवढाच मजकूर. दगड युरोपभर पसरले आणि एक लाखावा मे २०२३ मध्ये न्यूरेम्बर्गला बसवला गेला. त्यांना जर्मन भाषेत 'श्टोल्परश्टाइन' म्हणतात, म्हणजे ठेच लागण्याचे दगड. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, ही म्हण लहानपणापासून ऐकणाऱ्या मराठी मुलाला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. वाचायचे तर वाकावे लागते. अधूनमधून कोणी शेजारी कापड व पॉलिश घेऊन ते घासताना दिसतो.

सहलीचा शेवट मुंबईच्या विमानतळावर करू नये. परतल्यावर आठ-दहा दिवसांनी, मुलांची झोप पुरी झाली की, एसटीने अलिबागला जावे. गावात इस्रायल आळी आहे, आळीत मागेन आबोथ हे सिनेगॉग आहे. नवगावच्या किनाऱ्यावर आपल्या पूर्वजांचे तारू फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, अशी बेने इस्रायल समाजाची परंपरागत कथा. शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवीत म्हणून कोकणाने त्यांना 'शनवार तेली' म्हटले. याहून वाईट काही त्यांना शतकानुशतके म्हटले नाही. त्यांनी मराठीत कीर्तने केली, आणि इस्रायलला गेल्यावरही 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक चालवले. आता अलिबागेत त्यांची मोजकी घरे उरली आहेत. सिनेगॉगची किल्ली ज्यांच्याकडे असेल ते दार उघडतील, बाकांवर बसायला सांगतील, आणि कुठून आलात हे मराठीतच विचारतील. बुखेनवाल्डच्या त्या उबदार पट्टीवर हात ठेवून आलेल्या मुलांपैकी एकाने त्यांना ती हकीकत सांगावी.